सुनेच्या बेडक्यावर माझं नाव

सरळ सांगून टाकते. टीबीच्या तपासणीची डबी आली होती माझ्यासाठी, आणि तिच्यात मी सुनेचा बेडका घालून पाठवला. चिकटपट्टीवर नाव माझं. सात-आठ वर्षं झाली याला. तेव्हाची ती बाई, म्हणजे मीच, आज भेटली, तर आधी तिला पोटभर हसेन आणि मग गोठ्यात कोंडून घालीन. पन्नाशी उलटलेली, लासुर्ण्यात चार म्हशींची मालकीण; स्वतःला भलतीच हुशार समजायची.

दिवाळीपासून मी खोकत होते. बारामतीच्या एका डॉक्टरकडून दोनदा बाटली आणली. गोड होती म्हणून बाटली संपली, खोकला राहिला. मग गावातली आशाताई झाकणाची डबी घेऊन आली. "काकू, सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्यानं चूळ भरायची आन् छातीतनं खाकरून काढायचं. नुसती थुंकी नगं. इंदापूरला मशीन हाय, दोन तासांत सांगतंय टीबी हाय का न्हाय. नेहमीचं औषध लागू पडंल का, ते बी सांगतंय."

दुसरी कुणी असती तर तिला बरं वाटलं असतं. मी मात्र गिऱ्हाइकं मोजायला लागले. वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये माझा दुधाचा रतीब होता, आणि तिथल्या बाया दुधात बोट बुडवून बघणाऱ्या. टीबीवाल्या बाईचं दूध त्या घेतायत होय? आमच्या गावातली बातमी माझ्या किटलीच्या आधी तिथं पोचायची.

सून तेव्हा पंचविशीची, मांडीवर सात महिन्यांचं पोर. सकाळी तीही जरा खोकायची, पण ते मी चुलीच्या धुरावर ढकललं होतं. वाळली होती, तर "मोबाइलवर बघून पोट कमी करतीय" असं सांगून मी शेजारणींना हसवायचे. तरणीताठी पोरगी, तिला काय होतंय? तिच्यापुढं डबी धरली आणि म्हटलं, "घरातल्या समद्या बायांची तपासणी हाय. आज तुझं, मागनं माझं."

बिचारी खाकरली. "एवढं पुरं का, आत्या?"

"पुरं की. सोनं हाय व्हय ते, जोखून द्यायला?"

तिसऱ्या दिवशी आशाताई दारात. मी दात काढतच सामोरी गेले. ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, टीबी निघालाय. घाबरू नका, सहा महिन्यांत बरं व्हतंय."

मी पायरीवर बसले. आत सून पोराला पाजत होती आणि पाजता पाजता खोकत होती.

तिथंच बोलायचं होतं. नाही बोलले. आधी मनात म्हटलं, मशीन चुकलं असेल. मग मुकाट्यानं दवाखान्यात गेले, माझं वजन झालं, माझ्या नावच्या गोळ्या घरी आल्या. मग वाटलं, ह्याच तिला ताकदीच्या म्हणून चाराव्यात. धरलीही एकदा पुढं. "मला कशाला, आत्या? तुमचं वजन बघून दिल्यात त्या," म्हणाली. ती गोळी मी शेणात खुपसली. नंतरच्याही.

आणि सुनेनं काय करावं? माझी सेवा मांडली. रोज दोन अंडी उकडून द्यायची. माझी खाट वाऱ्याला म्हणून पडवीत काढली. पोर माझ्याकडं रांगत आलं, की धावत येऊन उचलायची आणि लांब न्यायची, छातीशी घट्ट धरून. मी सुनेनं सोललेली अंडी खात होते. मिठासकट.

टीबी निघाल्याचं कळल्यापासून पाचव्या दिवशी पोर खोकलं. एकदाच, दूध घशात अडकावं तसं. मी तशीच अनवाणी आशाताईच्या घरी गेले. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून तिचे पिठाचे हात तसेच राहिले. "काकू, बेडक्याच्या जागी पाणी भरून दिलेली माणसं बघितली म्या. दुसऱ्याचा देणाऱ्या तुमीच." मग तवा उतरवला आणि उठली. "सुनंला घ्या. आत्ताच निघू."

सुनेला वाटेतच डबीचं खरं काय ते सांगितलं. इंदापूरला दोघींनी आपापल्या डब्या दिल्या. दुपारपर्यंत दोघींचंही उत्तर आलं, एकसारखं. कुणाचं कुणाला लागलं, ते मशीन सांगत नाही. पण मी दिवाळीपासून खोकत होते आणि ती संक्रांतीपासून. त्याला मशीन कशाला लागतंय? पोराला तपासलं, त्याला काही निघालं नाही. पुढं होऊ नये म्हणून औषध सुरू केलं. क्वार्टरमधल्या दोघींनी रतीब बंद केला, बाकीच्या दूध तापवून पीत राहिल्या. एवढ्यासाठी केलं होतं मी सगळं.

येताना एसटीत सून माझ्याशेजारी बसली, दुसरी जागा नव्हती म्हणून. लासुर्ण्यापर्यंत पोराचं तोंड खिडकीकडं करून धरलं. घरी आल्यावर पहिली गोळी घेतली, नाकातोंडाला फडकं बांधलं आणि मगच पोराला उचललं. माझ्याकडं न बघता म्हणाली,

"आत्या, मला औषध चार दिस उशिरा मिळालं, त्याचं काय न्हाय. त्या चार दिसांत मी ह्याचे मुके घेत होते, आन् तुमी बघत होता."