सुटलेला टाका

लग्न होऊन मी चाकूरहून लातूरला आले, तेव्हा मोठ्या जाऊबाई घरीच मशीनवर शाळेचे स्वेटर विणत. त्यांनी मलाही शिकवलं. सुईचा आकडा लोकर धरतो. सुई मागे जाताना जुना फास तिच्यावरून निसटतो आणि नवा फास त्यातून बाहेर येतो. झाला एक टाका.

पण टाका सुटून खालपर्यंत उसवला, की त्या विणकाम माझ्याकडून काढून घेत आणि माझ्याकडे पाठ फिरवून दुरुस्त करत. विचारलं, की म्हणत, "तुला जमायचं न्हाई ते." चार वर्षं मी हेच ऐकलं.

एकदा त्या भोकरला माहेरी गेल्या असताना माझा टाका सुटला. मी मशीनची जादा सुई घेऊन तळाच्या फासात घातली आणि वरचा आडवा धागा त्यातून ओढून काढला. असं एकेक करत वरपर्यंत आले. दहा मिनिटं लागली. एवढ्यासाठी मला चार वर्षं अडाणी ठेवलं! रागाने मला रडू आलं.

त्या परतल्यावर मी सगळ्यांसमोर तो स्वेटर दाखवला. म्हणाले, "आता तुमच्या पाठीकडं बघत बसायची गरज न्हाई, अक्का."

महिन्याभरात त्यांनी मशीन जळकोटच्या बहिणीला देऊन टाकलं.

मूल नसलेल्या त्या बाईला आमच्या घरात मान होता तो मशीनपायीच, हे मला ठाऊक होतं. तरीही मी बोलले. आजही आम्ही एकाच घरात राहतो आणि कामापुरतं बोलतो.