उतरण्याचे दोन रुपये

नोव्हेंबर १९२९ च्या पहिल्या रविवारी मी रेवदंड्यात सायकल घेतली. ठरलेली रक्कम चौतीस रुपये. त्यांतले बत्तीस जागेवर दिले, दोन राखून ठेवले. हजर तिघे होतो. मी, माझी बायको आणि सायकल विकणारे चाचा. चाचा इराकातल्या बसऱ्याला व्यापार करीत, वर्षातून काही महिने गावी येत, आणि सगळे गाव त्यांना चाचाच म्हणे. बायकोने सायकलीकडे एकदा पाहिले. "अहो, ही तुमच्याहून उंच आहे," एवढे म्हणून ती आत गेली.

दोन रुपये राखण्याचे कारण असे, की चौतीस रुपयांत सायकल शिकवणेही धरले होते. चढणे, चालवणे आणि उतरणे असे तीन रविवारांचे तीन धडे. तिसरा धडा झाला की दोन रुपये द्यायचे. चाचांना ते पटले. शिकवणे उधार ठेवून पैसे आधी घेणे त्यांनाही आवडत नसे.

मी सुपारीच्या एका वखारीत हिशेब लिहीत असे. आमची आक्षीला लहानशी नारळाची वाडी होती आणि दर रविवारी तिथे जावे लागे. वाट साधारण साडेसात मैलांची. चौल मागे पडले की दोन्ही अंगांना वाड्याच वाड्या, वर नारळीपोफळींची सावली, कुठे रहाटाची कुरकुर, कधी समोरून एखादी बैलगाडी, नाहीतर कोणी नाही. चालण्यात जाऊन-येऊन रविवार संपत असे. सायकलीवर तो अर्धा उरेल, असे मी धरले होते.

या वाटेवर नागावात माझ्या आत्याचे घर होते. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि मुंज होईपर्यंत मी आत्याकडे वाढलो. तिला मूलबाळ नव्हते. रविवारी ती आपल्या बेड्याशी उभी असे. बेडे म्हणजे वाडीचे फाटक. मी थांबायचे, चहा घ्यायचा, घरचे सगळे सांगायचे आणि पुढे जायचे, असे वीस वर्षे चालले होते. माझ्या मोठ्या मुलीचे लग्न माघात ठरले होते, आणि लग्नाआधी मुलीचे पहिले केळवण आत्याकडे जेवायचे, हेही ठरल्यासारखेच होते. वेगळे कोणी ठरवले नव्हते.

चाचांनी मला समुद्रावर शिकवले. ओहोटीला ओली वाळू फरसबंदीसारखी घट्ट असते. पहिल्या रविवारी त्यांनी मला एका पडक्या होडीवर उभे करून सायकलीवर बसवले. दुसऱ्या रविवारी मागून धरून पळाले आणि मग सोडून दिले. मी चांगला मैलभर गेलो. थांबायचे असले की सायकल कोरड्या वाळूकडे वळवायची. तिथे चाक रुते, सायकल आपोआप उभी राही आणि मी हलकेच बाजूला होई. त्यामुळे उतरणे हा काही वेगळा विषय आहे, हे दोन रविवार माझ्या ध्यानातच आले नाही. चाचा मात्र म्हणाले, "भाऊ, ये वाळूचा उतरना खरा नाय. पुढच्या इतवारी सडकेवर दाखवतो."

पुढच्या इतवारी चाचा आगबोटीत होते. बसऱ्याहून तार आली म्हणून निघून गेले होते.

माझा समज असा झाला, की दोन तृतीयांश विद्या आली आहे, तेवढ्यावर भागेल. आमच्या घराला ओटा होता, त्यावरून मी चढत असे. आक्षीला विहिरीचा कठडा बरोबर डाव्या पायाच्या उंचीचा होता, तिथे उतरता येई. ब्रेक होता. तो लावला की सायकल थांबत असे, आणि थांबली की पडत असे. सीट जाईल तेवढी खाली घेतली होती, तरी माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

सायकलीने आक्षीला निघालो त्या पहिल्या रविवारी आत्या नेहमीसारखी बेड्याशी उभी होती. बेड्याजवळ ना दगड, ना पायरी. मी लांबूनच घंटा वाजवली, म्हणजे ती आनंदाने पाहील, आणि "आत्या, आलोच," असे म्हणून पुढे गेलो. पुढे अर्ध्या मैलावर देवळाचा पार होता, तिथे उतरलो आणि सायकल हाताने ढकलत मागे आलो. बेडे बंद होते. आत आत्याचा गडी रहाटावर बैल हाकत होता. आत्या कुठे आहे म्हणून मी विचारले.

"बाय घरात न्हाय," तो म्हणाला. "तिनंच सांगितलाय तसा."

त्यानंतरचे तीन रविवार ती बेड्याशी दिसली नाही. चौथ्या रविवारी मी सायकल घरी ठेवून चालत गेलो. या वेळी ती कुंपणाच्या आत पोफळीच्या आळ्यात उभी होती. मला पाहून तिने गड्याला सांगितले, "त्याला विचार, चाक मोडलं का?"

गडी माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "चाक मोडलेलं नाही. आत्या, मला सायकलीवरून उतरता येत नाही, म्हणून थांबलो नाही."

"चढता येतं आणि उतरता येत नाही," आत्या आता थेट माझ्याशी बोलली. "मी शेंबडी पोर आहे का रे? बेड्याशी उभं असलेलं माणूस, त्याच्यासमोर घंटा वाजवीत गेलास. मी काय रस्त्यात बसलेली म्हैस?"

"ती घंटा तुला हटवायला नव्हती."

"मग आरतीची होती का? जा. चाकावरून येऊन थांबशील, त्या दिवशी चहा ठेवीन."

घरी येऊन मी बायकोला सगळे सांगितले. ती म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलंत हीच चूक झाली. पोट दुखत होतं म्हणायचं."

पौष अर्धा झाला तरी आत्याकडून केळवणाचे बोलावणे आले नाही. इतर नातेवाइकांची येत होती, आणि मुलगी ती नाकारीत होती. पहिले आजीकडचे, असे तिने धरले होते. लग्नाला आत्या आली नाही तर माझ्या बाजूने वडीलधारे कोणीच उभे राहणार नव्हते. मुलीने मला एकदाच विचारले, "बाबा, एवढं काय कठीण आहे उतरण्यात?" मी तिला सायकल दाखवली.

शेवटी अक्षत द्यायला जायचा रविवार आला. चालत जाऊन उपयोग नव्हता हे दिसलेच होते. बायको अक्षतीचे तबक घेऊन बैलगाडीने पुढे गेली. आत्याचा राग माझ्यापुरता होता, बायकोला तिने आत घेतले. मी सायकलीने निघालो आणि वाटभर विचार केला. पारापाशी उतरून मागे येणे एकदा करून झाले होते. बेड्याशीच उतरायचे होते, आणि तिथे मऊ म्हणावे असे एकच होते, ते म्हणजे कुंपणाला आतून लागून वाहणारा शिंपण्याचा पाट. पाटाची वाळू कोरडी नसली तरी वाळूच होती.

आत्या आणि बायको ओट्यावर बसल्या होत्या. मी घंटा वाजवली नाही. बेड्याशी येताच डावीकडे वळलो. कुंपणाच्या कामट्या आडव्या झाल्या, चाक पाटात गेले, आणि समुद्रावर जसे होत असे तसे झाले नाही. सायकल थांबली, मी पुढे गेलो. पोफळीच्या आळ्यात पाणी नुकतेच सोडले होते.

गड्याने रहाट थांबवला. आत्या ओट्यावरून उतरून आली, माझे हातपाय चाचपून पाहिले, मोडले काही नाही अशी खात्री केली आणि बायकोला म्हणाली, "अगं, खरंच येत नाही की याला."

"दोन महिने तेच सांगताहेत," बायको म्हणाली.

"असं कोणी खरं मानील का?" आत्या माझ्याकडे वळली. "मग आक्षीला कसा उतरतोस?"

"विहिरीच्या कठड्याला."

"केवढा आहे तो?"

मी चिखलातच उभा राहून गुडघ्याच्या वर हात धरला. तिने तिथे आपली वीत लावून पाहिली. मग म्हणाली, "चहा होईस्तोवर पाय धू. आणि पोरीला बुधवारी जेवायला पाठव. तू नाही आलास तरी चालेल."

अक्षत तिने तिथेच घेतली. लग्नाला ती चार दिवस आधी आली, माझ्या बाजूने उभी राहिली आणि व्याह्यांना भेटल्या-भेटल्या मी पाटात कसा पडलो ते सांगितले.

लग्नानंतर तिने बेड्याच्या दोन्ही अंगांना एकेक काळा दगड बसवून घेतला, एक जाताना उतरायला आणि एक येताना. दगडांची उंची वितीने मोजून दिली होती ती बरोबर निघाली. चाचा पुढल्या वर्षी आले तेव्हा मी त्यांना दगड दाखवले. त्यांनी पाहिले, आणि धडा आता नको असेल तर दोन रुपयेही नकोत म्हणाले. त्यामुळे ती रक्कम मोकळी झाली. पाथरवटाचे एक रुपया बारा आणे आत्याने आधीच दिले होते, ते मी तिला दिले. राहिलेले चार आणे तिने मागून घेतले. कुंपणाच्या कामट्यांचे.