करीमभाईंची फुंकर

बार्शीच्या बसचा कंडक्टर दवाखान्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला, तेव्हा मी सुया उकळायला ठेवत होते. "बाई, करीम मिस्त्री गेले. परवा, लेकीच्या घरी," एवढं बोलून तो लगबगीनं परतला, फाट्यावर बस थांबवून आला होता बिचारा. मी स्टोव्ह विझवला आणि काही कारण नसताना पुन्हा पेटवला... याला आता महिना होऊन गेला. येरमाळ्याच्या फाट्यावरचं त्यांचं पत्र्याचं दुकान बंद आहे आणि माझ्याजवळ त्यांची एक गोष्ट राहून गेली आहे. ती त्यांच्या हयातीतच चारचौघांत सांगायला हवी होती.

संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हा मी नर्स म्हणून इथं आले. करीमभाई निजामाच्या फौजेच्या वर्कशॉपात शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर त्यांचं गाव सुटलं आणि ते या सडकेवर येऊन राहिले. सुरुवातीला लोक त्यांच्याकडं जायला बिचकत. मग एकाचं विहिरीवरचं इंजिन बंद पडलं, मग दुसऱ्याचं, आणि बघता बघता सगळ्यांनाच फाट्याची वाट सापडली. अडला हरी म्हणतात ते काही खोटं नाही.

दवाखान्याला कुणीतरी वापरून टाकलेली एक जुनी मोटार मिळाली होती; तिची दुरुस्ती करीमभाईंकडंच असे. अडलेल्या बाया तिच्यातून जिल्ह्याला न्यायच्या. पण गाडी हळू चालली की पायाखालच्या फळ्यांतून तेलकट धूर वर येई आणि आधीच जीव नकोसा झालेली बाई भडाभडा ओकू लागे. मी तशी फटकळच. एकदा करीमभाईंना म्हटलं, "तुमच्या इंजिनाला काही शिस्त आहे की नाही?"

"शिस्त हाय बाई, रस्ता न्हाय," ते हसून म्हणाले. मग मला वाकून बघायला लावलं. "इंजनलाबी दम घ्यावा लागतो. आत जळतंय त्यातला थोडा धूर खाली तेलात उतरतो. या टोपनातून साफ हवा आत यायची, अन् त्या नळीतून धूर भाइर जायाचा. गाडी पळाली तर वारा त्याला वढून नेतो. आपली गाडी चालती बैलाच्या चालीनं. मंग धूर कुठं जाईल? तुमच्या नाकात!"

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी तेरखेड्याची एक बाई या गाडीमुळं वेळेवर पोचली आणि बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली. मी येडेश्वरीला नवस बोलले होते. दसऱ्याला देवीच्या ओटीतला खण मागून आणला, मोटारीची पूजा केली, आणि इंजिनावर पूजेच्या तांब्यासारखं दिसणारं ते हवेचं टोपण होतं ना, त्यालाच तो खण गुंडाळून तीन गाठी मारल्या. टोपण कशाचं ते मला करीमभाईंनी स्वतः सांगितलेलं होतं. भक्तीच्या भरात शिकवलेलं सगळं पार पुसून गेलं. ड्रायव्हर नामदेवनं खण बघितला आणि हात जोडले. देवीच्या खणाला हात कोण लावणार?

पंधरा दिवसांत इंजिनाच्या प्रत्येक सांध्यातून तेल गळू लागलं. गाडी उभी राहील तिथं काळं थारोळं. जिल्ह्याहून साहेब आले, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "इंजिन संपलंय. भंगारात काढा." ही गाडी गेली की पुन्हा बैलगाडी, आणि बैलगाडीत काय काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. करीमभाई पुढं झाले. "साहेब, दोन दिस द्या."

साहेबांची पाठ फिरली, नामदेव पाणी आणायला गेला आणि करीमभाईंनी बॉनेट उघडलं. खणाकडं बघत राहिले. खालची नळी पावसाळ्यातल्या चिखलानं आधीच बुजली होती. इंजिनाचा जीव त्या एका टोपणावर होता, आणि तेच मी आवळून टाकलं होतं; आत कोंडलेला धूर तेलाला सांध्यासांध्यातून बाहेर ढकलत होता.

"बाई, गाठ तुमची हाय, तुमीच सोडा," ते हलकेच म्हणाले. "देवीचं कापड हाय. माझे हात तेलाचे."

मी तीन गाठी सोडल्या. हात तेलाचे होते म्हणून नाही, हे मला कळलं. मला कळलं हे त्यांनाही कळलं. ते म्हणाले, "समोरच्या आरशाला बांधा. देवीला रस्ता दिसू द्या."

मग ते कामाला लागले. टोपणाची जाळी रॉकेलमध्ये धुतली, नळी साफ केली. सोलापूरच्या भंगार बाजारातून आणलेल्या एका लष्करी जीपच्या सामानात बोटाएवढा पितळी वाल्व्ह होता, तो काढला. नळीला वर वळवून, वाल्व्ह मधे घालून ती इंजिनाच्या हवा ओढायच्या वाटेला जोडली. आता इंजिन आपला धूर आपणच ओढून जाळणार, वाऱ्याची वाट बघणार नाही. जोडायच्या आधी त्यांनी वाल्व्ह ओठाला लावून फुंकला. एका बाजूनं फुंकर गेली, दुसऱ्या बाजूनं अडली. "बराबर."

तिसऱ्या दिवशी साहेबांना बसवून गाडी देवीच्या टेकडीचा चढ चढली. थेंब गळला नाही, धूर आला नाही. साहेब खूश झाले, पण विचारल्याशिवाय कसे राहतील? "मग बिघडलं काय होतं?"

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते... करीमभाईच बोलले, "टोपनाची जाळी धुवायची राह्यली, साहेब. कसूर माझी."

"असा भुलक्कड मिस्त्री सरकारी गाडीला नको," साहेब म्हणाले, आणि दवाखान्याचं काम त्यांच्याकडून गेलं. मी गप्प राहिले. नोकरी नवी होती, घाबरले होते. ही कारणं खरी आहेत आणि पुरेशी नाहीत. तरी दर महिन्याला करीमभाई आपणहून येत, वाल्व्ह काढून रॉकेलमध्ये बुडवत, फुंकत, परत बसवत. कागदावर त्यांचं नाव नव्हतं. नामदेव लांबूनच चिडवायचा, "काय भुलक्कड मिस्त्री, आज आठवलं वाटतं?" ते नुसते हसत. अशा वेळी माझ्याकडं कधी बघितलं नाही.

परवा नामदेवनं वाल्व्ह काढून, धुऊन माझ्यासमोर धरला. "बाई, फुंकायचं कुनी?"

मी तो ओठाला लावला. एका बाजूनं फुंकर गेली, दुसऱ्या बाजूनं अडली. रॉकेलची चव जिभेवर राहिली. मग मी आरशाला बांधलेल्या त्या विटक्या खणाकडं बोट दाखवलं आणि नामदेवला सगळं सांगितलं. गाठी त्यानं तेव्हा बघितल्या होत्या; इंजिनाचा दम त्या गाठींनीच कोंडला होता, जाळीनं नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

तो म्हणाला, "इतकी वर्सं मी त्यास्नी भुलक्कड म्हनलो की, बाई..."

त्यानं माझ्या हातातून वाल्व्ह घेतला, डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि वाकून तो जागेवर बसवला.