दुकानातून सुटलेला गॅस

चौऱ्याहत्तर साल सरत आलं होतं. मी नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि थोरल्या भावाकडे राहत होते. दादा फ्रीज दुरुस्त करायचा. लष्करी अधिकाऱ्यांचे, आइस्क्रीमवाल्यांचे फ्रीज त्याच्या दुकानात येत.

त्या दुपारी मी लायब्ररीतून तडक दुकानात गेले. परदेशी मासिकात वाचलेलं डोक्यातून जात नव्हतं. फ्रीजमधला गॅस इथं खाली कशानेच मोडत नाही; तो सावकाश वर चढतो, तिथल्या कडक उन्हात फुटतो आणि आपल्याला त्याच उन्हापासून वाचवणारा ओझोनचा थर खात सुटतो, असं शास्त्रज्ञांचं भाकीत होतं.

दादाने नुकतीच एका जुन्या फ्रीजची नळी कापली होती. सूंऽऽ असा आवाज आला आणि थांबला.

"वास न्हाई, पेटत न्हाई," तो म्हणाला. "लई गुणाचा गॅस हाय."

मी वाचलेलं सांगितलं. तो हसला. "अगं, हवेपेक्षा जड हाय ह्यो. वर कसा जाईल?"

"वारा सगळं घुसळतो, दादा. वर्षं लागतात, पण जातो."

त्याचं हसू मावळलं. त्याने गळती शोधायचा दिवा पेटवला. दिव्याची रबरी नळी ओढते त्या हवेत हा गॅस असला, की निळी ज्योत हिरवी होते. त्याने नळीचं टोक फरशीला लावलं. हिरवी. दाराशी नेलं, तरी हिरवी. माझ्या पायांशी आणलं, तिथंही हिरवीच. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आणि आम्ही घोटा-घोटा त्यात उभे होतो. रस्त्यावर सायकलींच्या घंटा वाजत होत्या. मी नकळत निऱ्या वर उचलल्या.

"गेलेला परत आणता येतो का?" त्याने विचारलं.

"नाही. आपण मेल्यावरही तो वर असेल."

"एवढी वर्सं सोडतोय मी," तो हळूच म्हणाला आणि दिवा विझवला.

त्याने धंदा सोडला नाही. दुसरा कुठला त्याला येत नव्हता. पण नळी कापण्याआधी तो गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घ्यायची खटपट करू लागला. बराचसा निसटायचाच. उशीर होतो म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनी गच्चीवर पापड वाळत घालत होती. आभाळ अगदी स्वच्छ होतं. "यंदा ऊन कसं झकास पडलंय," ती म्हणाली.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग वर, त्या स्वच्छ आभाळाकडे.