तिसरा बोल्ट

उंचावरची वस्तू काढायची असली की बाई आधी चप्पल काढायच्या. मग खुर्ची, स्टूल, कपाटाचा खालचा कप्पा, जे मिळेल त्यावर चढायच्या. जळगावच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी गणित. फळ्याच्या वरच्या टोकाला मी लिहून देतो म्हटलं, की ठरलेलं उत्तर, "हात पोचत नही ते काय व्हयनं, सर? मी पोचस ना!"

बाई धुळ्याकडच्या. वर्गात पुस्तकी मराठी, पण हट्टाला पेटल्या की अहिराणी. मी रावेरचा, आमची बोली निराळी. मला त्यांचं निम्मं कळायचं, उरलेल्याला मी मान डोलवायचो. अशी बुटकी, हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला तर त्यांचा रागच यायचा.

रविवारी आम्ही काही शिक्षक चाळीसगावच्या डोंगरात प्रस्तरारोहणाला जायचो. तिथल्या एका गुळगुळीत, तिरक्या कातळाने बाईंना झपाटलं होतं. त्यात बोल्ट ठोकलेले होते. चढणाऱ्याने एकेका बोल्टात दोरी अडकवत वर जायचं, खालच्याने ती सोडत राहायचं. पण ठोकणारा गडी ताडमाड उंच. तिसरा बोल्ट त्याने एका खोबणीत उभं राहून, हात लांबवून ठोकलेला. बाईंचा हात तिथून वीतभर कमी पडे. म्हणजे खोबण सोडून निसरड्यावर आणखी वर जाणं आलं. तिथून पाय सुटला, तर खाली पुढे आलेल्या खडकाच्या कठड्यावर हाडं मोडणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्या रविवारी दोरी माझ्या हातात होती. बाईंनी खोबण सोडली. चवडे कातळाला नुसते टेकवलेले, गुडघा थडथड उडत होता. वारा घोंघावत होता. मी ओरडलो, "बाई, दोरी देऊ का?"

"येस! येस!"

मी भराभर दोरी सोडली.

अहिराणीत 'येस' म्हणजे 'येते'. बाई खाली येत होत्या.

ताणून धरायची दोरी मी सैल सोडली होती, आणि त्यांचा पाय सुटला. कशीबशी ती आवळली. कठड्याच्या हातभर वर त्या लोंबकळत थांबल्या. त्यांचे तळवे सोललेले, माझी बोटं भाजलेली.

"येस म्हंजे येस, सर! तुमले काय वाटनं?"

चूक कुणाची, यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मी म्हणालो, खाली या, नाहीतर दुसऱ्या कुणाला दोरी धरू द्या.

ओढणीला तळवे पुसत बाई म्हणाल्या, "तुम्हीच धरा. दुसरा कोनी नको."

त्या पुन्हा खोबणीपाशी गेल्या. या वेळी डावीकडे नखाएवढे उंचवटे चाचपत, इवली इवली पावलं टाकत चढल्या. उंच माणसांचे पाय ते उंचवटे ओलांडूनच जात. गुडघा पुन्हा उडायला लागला. मी वर बघत राहिलो. विचारायची हिंमत नव्हती.

मग वरून आवाज आला. सावकाश, एकेक शब्द सुटा, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराला सांगावा तसा.

"सर, आता, दोरी, सोडा."

कट्, असा आवाज झाला. दोरी तिसऱ्या बोल्टात अडकली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे कातळाच्या फुगवट्याआड बाई दिसेनाशा झाल्या. दोरी वर जात होती. मी सोडत राहिलो.