घोडी नाचत नव्हती

तुमच्या घरातल्या शेवटच्या लग्नात नवरदेव घोडीवर बसून आला असेल, तर मला एवढंच सांगा: ती घोडी कोणत्या पायाने लंगडत होती?

लंगडत नव्हती म्हणाल. कशावरून? फेट्यांचा रंग तुम्हाला आठवतो, बँडवाल्यांनी एकच गाणं तीनदा वाजवलं तेही आठवतं. घोडीचे पाय बघितले होते का? मीही बघितले नव्हते. आणि मी तर एका वरातीत घोडीचा लगाम धरून चालत होते.

घोडी माझ्या मामाची. देवळाली कॅम्पच्या पलीकडच्या एका खेड्यात त्याचं घर आहे, घराला लागून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ती. पांढरी, कपाळावर थोडी करडी झाक. मामा तिला 'बाय' म्हणतो. त्याने घोडी घेतली त्यामागे आजोबांचं लग्न आहे. आजोबांच्या वेळी आमच्या वस्तीला घोडी द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि मिळाली असती तरी गावातून वर बसून जाऊ दिलं नसतं. आजोबा मागच्या वाटेने चालत मांडवात गेले. मामाने हे लहानपणापासून ऐकलेलं. हातात चार पैसे आले तेव्हा त्याने ट्रॅक्टर घेतला नाही, घोडी घेतली.

मी वाढले सातपूरला. वडील कारखान्यात कामाला होते आणि बाकीचा वेळ चळवळीत. घरात पत्रकांचे गठ्ठे रचलेले असायचे. अक्षरओळख माझी त्या पत्रकांवरच झाली. पाणवठा, देऊळ, वाट, घोडी: आम्हाला कुठे कुठे अडवलं त्याची यादी मला पाढ्यांसारखी पाठ होती. त्यामुळे मामाची घोडी मला जिंकलेल्या खटल्यासारखी वाटायची. लग्नसराईत सुट्टी असली की मी हौसेने लगाम धरायला जायचे. ज्या दिवशी आमच्या वस्तीतला एखादा पोरगा तिच्यावर बसायचा, त्या दिवशी तर माझी मान घोडीपेक्षा ताठ असायची. तिला पाय असतात आणि पायाला दुखतं, हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

ती नाचते. म्हणजे तिला शिकवलंय. ताशा वाजला की आधी उजवा, मग डावा असे पुढचे पाय गुडघ्यात वाकवून उचलते. कॅम्पातल्या लष्करी तोफखान्याच्या सरावाचे आवाज ऐकत मोठी झाल्यामुळे फटाक्यांना बिचकत नाही. या दोन गोष्टींमुळे मामाची घोडी लोकांना हवी असते.

गेल्या वैशाखात गंगापूर रोडला एक वरात होती. सकाळचे अकरा, ऊन डोक्यावर, डांबर पायाखाली मऊ झालेलं. हॉल अजून बराच लांब असताना तिने डावा पाय उचलला आणि खाली ठेवलाच नाही. तीन पायांवर उभी. मान थोडी वाकलेली, पाय हवेत.

आणि लोक वेडे झाले.

"अरे बघ बघ, पोज देतेय!"

"नवरदेवापेक्षा घोडी भारी आहे राव!"

"मामा, हिला मुंबईला पाठवा, पिक्चरमध्ये घेतील!"

नवऱ्याच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी तिच्या डोळ्यांपुढे नोट नाचवली. ती दोन पावलं चालली, पुन्हा पाय उचलून धरला, पुन्हा शिट्ट्या. मामा तिच्या मानेवर थापटत म्हणत होता, "शाबास माझी बाय, आज लय रंगात हाय." मी एका हातात लगाम धरून दुसऱ्या हाताने मोबाइल काढला आणि व्हिडिओ घेतला. वर स्टेटसलाही टाकला, हसणाऱ्या चेहऱ्यांसकट.

नवरदेव उतरला. हॉलच्या मागे आम्ही टेम्पोची फळी टाकली. घोडी फळीपाशी आली आणि थांबली. मामाने चुचकारलं, ओढलं, मी मागून ढकललं. तिने डावा पाय फळीवर टेकवला, सगळं अंग थरथरलं, आणि पाय मागे घेतला. आता बँड नव्हता. ती तशीच उभी होती, पाय उचलून, आणि टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

मामा खाली बसला. खांद्यापासून खाली पायावरून हात फिरवला. सूज नाही, जखम नाही. "काय झालं गं बाय तुला?" दर थोड्या वेळाने तो एवढंच म्हणायचा. शेवटी चार माणसांनी मागून रेटत तिला टेम्पोत चढवली.

संध्याकाळपर्यंत शेडपुढे वस्ती जमली. मामाचा एक लांबचा चुलता आहे, म्हातारा, जनावरांना डाग देण्यात पंचक्रोशीत नावाजलेला. डाग म्हणजे तापवून लाल केलेलं लोखंड कातडीवर टेकवायचं. त्याने दुरूनच निकाल दिला.

"खांदा धरलाय. डाग द्यावा लागंल."

"हात तरी लावून बघा ना बाबा," मी म्हटलं.

"पोरी, तू जन्मायच्या आधीपासून जनावरं बघतोय मी."

मामी मीठमिरच्या घेऊन आली. तिच्या मते नजर लागली होती. एवढी माणसं एकाच वेळी बघत होती. मी हसले. मामी मिरच्या ओवाळता ओवाळता थांबली.

"हस. तूबी तिथंच होतीस ना? लगाम तुझ्याच हातात होता ना? मग तुला काय दिसलं, ते सांग."

मी खिशातला मोबाइल चाचपला.

तेवढ्यात मामाचा फोन वाजला. वस्तीतल्या लग्नांची कंत्राटं घेणारा एक माणूस होता. मामाने फोन स्पीकरवर टाकला.

"मामा, तुमच्या भाचीचं स्टेटस फिरत फिरत आलं माझ्याकडे. ती एक पाय उचलून उभी राहते ना, तीच घोडी पाहिजे. परवा. आणि तोच नाच पाहिजे, पार्टीने मुद्दाम सांगितलंय."

"दादा, घोडी लंगडतीय."

"लंगडतेय? आत्ता तर व्हिडिओ बघितला, झकास नाचतेय."

"त्याच्यानंतर बिघडली."

"मग एक सुई मारून घ्या. दोन तासांचा तर प्रश्न आहे, सगळेच मारतात. आणि आपल्याच माणसाचं लग्न आहे, मामा. आपल्याला घोडी आपण नाही द्यायची तर कोण देणार?"

शेवटचं वाक्य आमच्या घरचं होतं. आजोबांच्या अपमानातून आलेलं, वडिलांच्या पत्रकातलं, मी शंभरदा मोठ्याने वाचलेलं. एका लंगड्या जनावराला दुखणं दाबून रस्त्यावर उभं करायला ते इतक्या सहज वापरता येतं, हे मला माहीत नव्हतं. मामा "उद्या सांगतो" म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचा चेहरा मला दिसला. तो सुईचा विचार करत होता.

मी घरात गेले आणि व्हिडिओ पुन्हा लावला. ती कधी बिघडली ते शोधायचं होतं. मामीच्या टीव्हीचा आवाज आणि बँडचा आवाज एकमेकांत मिसळत होते, म्हणून मी मोबाइलचा आवाज बंद केला.

आवाज बंद झाल्यावर नाच उरला नाही.

उजवा पाय ती एकदाही उचलत नव्हती. फक्त डावा. मधे बँडवाले थांबलेत, ताशावाला घाम पुसतोय, काठ्या खाली आहेत, आणि घोडीचा पाय तरीही वरच. पुढे चालावं लागलं की प्रत्येक वेळी डावा पाय टेकताक्षणी तिचं डोकं झटक्याने वर जात होतं. माणूस काट्यावर पाय पडल्यावर जसा दचकतो तसं. आणि नेमक्या त्या झटक्याला लोक हात वर करून ओरडत होते. शेवटी व्हिडिओ हलतो, कारण मी हसत होते.

मी तो मामाला दाखवला. त्याने तीनदा बघितला.

"म्हंजी तवाच दुखत होतं."

"हो."

"आन मी शाबास म्हनत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्कूटर काढून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरबाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. गाई-म्हशींची रांग आटोपून त्या माझ्या मागे बसून आल्या. आम्ही पोचलो तर अंगणात चूल पेटलेली आणि तिच्यात लोखंडी सळई. म्हातारबाबा बाजूला विडी ओढत बसलेले.

"मामा, हे काय?"

"अगं, त्या मानसाचा पुन्यांदा फोन आला. काय तरी कराया पायजे का नाय?"

"डाग द्यायचा नाही. सुईपण नाही."

"मग काय, पत्रक वाचून दावतीस का तिला?" बाबा म्हणाले, आणि जमलेली माणसं हसली.

डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "खूर उचलून कुणी बघितला का?"

एक दिवस आणि एक रात्र. सगळ्यांनी खांद्याकडे, गुडघ्याकडे, आभाळाकडे बघितलं होतं. खूर कुणी उचलला नव्हता.

"घोडं अचानक लंगडलं की आधी खूर," त्या म्हणाल्या. त्यांनी माझा हात घेऊन आधी उजव्या खुरावर ठेवला, मग डाव्या. डावा चांगलाच गरम होता. मोठ्या चिमट्याने त्या खूर जागोजाग दाबत गेल्या. एका जागी घोडीने सगळा पाय हिसकावून घेतला. नाल काढली, वाकड्या सुरीने तळवा थोडा थोडा कोरला. एक काळा ठिपका दिसला. त्याच्या मागे सुरीचं टोक गेलं आणि करडा, घाण वासाचा पू पिचकारीसारखा बाहेर आला.

घोडीने मोठा श्वास सोडला. मान खाली आली. जरा वेळाने तिने पाय जमिनीला टेकवला, आधी नुसतं टोक, मग सगळा. मामाने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"कशानं झालं?" मामीने विचारलं.

"नाल ठोकताना खिळा जरा आत बसला असेल, खडा घुसला असेल. आता सांगता नाही येणार. खूर कडक असतो, तो सुजत नाही, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. आतल्या आत दाब वाढतो. दाढ ठणकते ना, तसं. फक्त त्या दाढेवर उभं राहायचं, आणि पाठीवर नवरदेव."

"सुई मारून नेली असती तर?" मी विचारलं. मामाने ऐकावं म्हणून.

"नेली असती, नाचलीही असती. आणि पू वर चढला असता. मग कदाचित मला बोलावून उपयोग नसता."

"आमच्या डागानं लय जनावरं बरी झालीत," बाबा म्हणाले.

"पू आपोआप फुटला की बरी होतात, बाबा. नाव डागाचं होतं. हिला दिला असता तर दुखणं दोन ठिकाणी झालं असतं, एवढंच."

बाबांनी सळई चुलीतून काढून बादलीत बुडवली. चर्र आवाज झाला. ते उठून निघून गेले.

धनुर्वाताची सुई झाली. मिठाच्या कोमट पाण्यात खूर शेकला. मग डॉक्टरबाईंनी लहान बाळाचा डायपर मागितला. खुराला बांधायला त्याच्यासारखं काही नाही, म्हणाल्या. मामी शेजारणीकडून घेऊन आली आणि वरून चिकटपट्टी गुंडाळताना म्हणाली, "घ्या, आता घोडीलाबी लंगोट!" दोन दिवसांत पहिल्यांदा मामा हसला.

मग त्याने माझ्यासमोर तो फोन केला.

"घोडी मिळनार नाय."

"मामा, आपल्याच माणसाला नाही म्हणताय?"

"माझं मानूस शेडीत हाय. तीन पायांवर उभं हाय. पयलं त्याचं बघतो."

घोडी बरी झाली. पाऊस लागायच्या आत ती शेडभर फिरायला लागली. इथे मला संपवता आलं असतं. पण ज्याला मामाने नाही म्हटलं त्याने दुसरी घोडी आणली, आणि त्या वरातीचा व्हिडिओ आमच्या नात्यातल्या ग्रुपवर आला. तपकिरी घोडी, अंगावर जरीची झूल. मी आवाज बंद करून बघितला. उजवा पाय टेकला की डोकं वर, उजवा पाय टेकला की डोकं वर. खाली टाळ्यांच्या चित्रांची रांग. मी त्या माणसाला फोन केला.

"ती लंगडतेय."

"ताई, ती नाचतेय. तुमच्या घोडीसारखीच. लोकांना आता तेच पाहिजे."

ही फॅशन माझ्या स्टेटसने सुरू केली. स्टेटस मी काढून टाकलं, पण व्हिडिओ अजून फिरतोय.

मला राग येतो तो बाबांचा कमी, त्यांना माहीत नव्हतं. राग येतो त्या माणसाचा, ज्याला सांगूनही फरक पडला नाही. आणि शिट्ट्या मारणाऱ्या आम्हा सगळ्यांचा, शिकलेल्यांचा, जे दुसऱ्याच्या पायातला काटा ओळखायला शिकलो म्हणून मिरवतो. आजोबांना खाली चालायला लावलं, त्याची भरपाई म्हणून वर बसलेल्याने खाली बघायचंच नाही, असं कुठल्या पत्रकात लिहिलंय?

वडील सांगायचे, पत्रकात शेवटी एकच मागणी लिही. दोन लिहिल्या तर लोक एकही करत नाहीत. तर माझी एकच मागणी. पुढच्या लग्नात नवरदेव रिकिबीत पाय घालायच्या आधी बँड दोन मिनिटं थांबवा आणि घोडीला कडक रस्त्यावर सरळ वीस पावलं चालवायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा. तिचं डोकं बघा, टापा ऐका. चारही टापा सारख्या पडल्या आणि डोकं स्थिर राहिलं तर वरात काढा. पाऊल टेकताना डोकं झटक्याने वर गेलं, तर खूर उचलून बघायला लावा, घोडी घरी पाठवा, आणि नवरदेवाला चालत न्या. त्याचे पाय धड आहेत.

बँडवाले कुरकुर करतील, मुहूर्त टळतोय म्हणून कुणी ओरडेल. थांबवा तरीही.