लंगोट की पापड?

मैत्रिणींनो, आपल्या महिला मंडळाची फिरती वही आज लिहायला माझ्याकडे आली आणि नेमकी आजच माझी फजिती झाली. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचा.

आमचा तीन महिन्यांचा बंडू चार दिवस सारखा रडत होता. लंगोटाखालची कातडी लालबुंद! डॉक्टरांनी जस्ताचं पांढरं मलम दिलं. सासूबाईंनी शंभर वेळा पाण्यात धुतलेलं तूप काढलं. "माझी सहा मुलं ह्यावरच वाढली," त्या म्हणाल्या. मी मलम लावायची, त्या ते पुसून तूप लावायच्या. लाली काही हटेना.

आज सकाळी वलवणहून दूध घालायला आलेल्या ठकूमावशींनी दोरीवरचा लंगोट सहज चाचपला.

"बाई, ह्यो लंगोट हाय का पापड?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ह्या आठवड्यात बाळ बघायला माणसं येतायत. त्यांनी माझी टापटीप वाखाणावी म्हणून मी लंगोटही ह्यांच्या रेल्वेच्या शर्टांबरोबर भाताच्या कांजीत बुडवत होते!

"मलमाचं ऱ्हाऊ द्या. आदी हे साध्या पान्यात चांगलं खळबळून काढा," मावशी म्हणाल्या.

काढले. दुपारी मऊ लंगोटात बंडू चार दिवसांनी गाढ झोपला.

संध्याकाळी ही हकिकत ऐकून हे हळूच म्हणाले, "माझी मानसुद्धा कॉलरनं सोलवटते. लग्नापासून."

सासूबाई तडक उठल्या, तुपाची वाटी घेतली आणि आपल्या बाळाच्या मानेला चोळायला बसल्या.

खरं सांगा, तुमच्या घरी तुमची टापटीप मुकाट्यानं कोण सोसतंय?